हिरव्याचा लाल होईपर्यंत

पोहांगहून पावणेसातची बस,
उत्तरेकडे, समुद्र उजव्या हाताला.
माझ्या पेटीत शंभर च्युइंगगम, सगळे हिरवे,
एक रंगपट्टी, एक मोजघड्याळ,
आणि जिभेचा जोर मोजायचा लहानसा फुगा.
गावात मला कुणी डॉक्टर म्हणतं, कुणी दातवाली.
मी दोन्ही नाही. मी मोजणारी.

म्हाताऱ्यांच्या बैठकीत जमीन खालून शेकलेली,
चपला दाराशी, पाय आधीच पसरलेले.
मी सांगते: साठ वेळा चावायचं. गिळायचं नाही.
नीट चावाल तितका हा लाल होईल.
"आणि नाही झाला तर?"
"तर हिरवा राहील."
"मग पेन्शन कापतील?"
हशा पिकतो. त्या हशात मी तोंडं बघून घेते:
कुठे कवळी, कुठे तारेने धरलेली दाढ,
कुठे नुसती हिरडी,
पायांनी झिजलेल्या उंबऱ्यासारखी गुळगुळीत.

आधी प्रश्न. शेंगदाणे चावता येतात?
मुळ्याची किमची, चौकोनी फोडींची?
सफरचंद, न कापता?
वाळवलेला स्क्विड?
स्क्विडच्या नावाला सगळी बैठक सुस्कारा सोडते.
बाहेर दोरीवर दोनशे वाळताहेत,
यांनीच ओढलेले, यांनीच चिरलेले.
आता माल घरात आहे, दात नाहीत.
दात होते तेव्हा सगळा माल बाजारात जायचा.

पहिले टाक मान-सोक. वय एक्क्याऐंशी.
सोलमधल्या मुलाने बसवून दिलेले दात,
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस, एका रांगेत,
नव्या शाळेच्या भिंतीसारखे.
मी मनातल्या मनात आकडा लिहून मोकळी.
साठ झाले. त्यांनी गम तळहातावर काढून दिला.
मी तो दोन काचांत दाबला, पट्टीला लावला.
हिरवा. कडेला जरासा पिवळा,
पिकायचं मनातच नसलेल्या फळासारखा.

फुगा दिला. जिभेला जोर नाही.
लाळ कमी: रक्तदाबाची गोळी, झोपेची गोळी.
त्यांचे रकाने आहेत, ते भरले.
"रोज काय जेवता?"
"भातात पाणी ओततो."
"आणि?"
"आणि काय. जातो तो."
मागून कुणीतरी हळूच सांगितलं,
चेरी फुलली त्या आठवड्यापासून
एकटेच बसतात जेवायला.
याचा रकाना नाही.

मग ग्वाक बोंग-न्ये. दात सात.
वरचे दोन, खालचे पाच,
समोरासमोर भेटणारी जोडी एकच, डावीकडे.
गम तोंडात टाकला आणि साऱ्या देहाने चावू लागली,
खांदा, भुवई, पायाचा अंगठासुद्धा.
मधेच शेजारणीशी भांडली, मोजणं चुकलं.
"कितवा गं?"
"चौतिसावा."
"खोटं. चाळीस तरी झाले."
लाल.
पट्टीच्या शेवटच्या घरापर्यंत नाही, पण लाल.
मी काच दोनदा पुसून पाहिली.
"कसं काय, आजी?"
"चाळीस वर्षं सासूची बोलणी चावली,
न गिळता. सराव आहे."

हे मी शेऱ्यात लिहिणार होते.
लिहिलं: अपेक्षेपेक्षा चांगलं.

तीनच्या बसआधी पेटी आवरत होते.
बोंग-न्येने शेगडीवर एक स्क्विड धरला,
तो आकसला, वळला, वास सगळीकडे.
मग तिने त्याचे तंतू काढले, दोऱ्याइतके बारीक,
आणि बशी सरकवली मान-सोकच्या पुढ्यात.
बोलली काही नाही. पाठ करून बसली,
जणू बशी आपोआप चालत गेली.

त्यांनी बराच वेळ बशीकडे पाहिलं.
एक तंतू उचलला.
घड्याळ पेटीत गेलं होतं,
तरी सवयीने मी मोजू लागले.
अकरा. बारा. जबडा थांबला.
पुन्हा सुरू.
सव्वीस. सत्तावीस,
आणि बाहेर बसचा हॉर्न.